‘तो काही करत नाही हो!’

साताऱ्याच्या शाहूनगरातून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं छाटून देतो.

‘आमचा भुऱ्या चार वर्षांचा, गावठी, बावीस किलोचा, अंगानं काटक. पुण्याची नोकरी घरून करता येते म्हणून मी सातारला परत आले. रविवारी सकाळी त्याला घेऊन डोंगरात जाते. आठवडाभर स्क्रीनसमोर बसल्यावर आम्हा दोघांनाही तेवढंच बरं वाटतं. गेल्या महिन्यात यवतेश्वरच्या बाजूला झाडीतून जाताना तो एका आजोबांच्या शेळ्यांमागं लागला. चावला नाही, नुसत्या पळवल्या. आजोबा काठी घेऊन आले, पुन्हा कुत्रं मोकळं दिसलं तर बघतोच म्हणाले. तेव्हापासून नवरा म्हणतो, त्याला घरी ठेव. दोरी लावली की भुऱ्या ओढत राहतो, माझा खांदा भरून येतो आणि जंगलात जायची मजाच जाते. डिसेंबरात आमचा ग्रुप वासोट्याला निघालाय, तिथं त्याला न्यायचं मनात आहे. आई मात्र बिबट्याची भीती घालते. काय करू?’

ताई, आधी वासोट्याचं मिटवून टाकू, कारण त्यात घासाघीस करायला जागाच नाही. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडून पलीकडं उतरलात की वनखात्याकडं नोंद होते, पिशव्या बघतात, प्लास्टिकचा हिशोब ठेवतात. पाळीव कुत्र्याला तिथं प्रवेश नाही. ग्रुपमधलं कुणी ‘जाऊन तर बघू, सोडतील’ म्हणालं तरी ऐकू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं कुत्र्याला मज्जाव आहे तो कुणा साहेबाच्या लहरीनं नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर, पार्व्हो, खरूज, रेबीज हे सगळं रानातल्या प्राण्यांना लागतं. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसच्या वर सिंह दगावले आणि तपासात काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्या सह्याद्रीत तर कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे आहेत, भुऱ्याचे लांबचे भाऊबंदच. भुऱ्याला लस दिलेली असली तरी पायाला, केसांना आणि विष्ठेतून तो काय घेऊन जाईल याची खात्री कुणी द्यायची?

सांगलीकडच्या वाचकांनीही लगे हात ऐकून ठेवावं. सागरेश्वर अभयारण्याला हेच लागू. धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून ते रान उभं केलं, आज तिथं सांबर, चितळ, काळवीट आहेत. हरणं राखलेल्या रानाच्या दारात कुत्रा घेऊन उभं राहू नये. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांतही नको. तिथं माणसांच्याच पायांना आवर घालता घालता नाकी नऊ येतात.

म्हणजे डिसेंबरात तुम्ही वासोट्याला जा आणि भुऱ्या आईकडं राहील. त्याला त्याचं काही वाटणार नाही. वाईट वाटेल ते तुम्हाला.

आता शेळ्या. ‘चावला नाही, नुसत्या पळवल्या’ असं तुम्ही लिहिलंय. शेळ्या राखणाऱ्याच्या बाजूनं हे वाक्य वाचून बघा. कळपात एक-दोन गाभण असतात. घाबरून उतारावर धावल्या, एकमेकींवर आदळल्या की गाभडतात, आणि ते तिथल्या तिथं कळत नाही, एक-दोन दिवसांनी गोठ्यात कळतं. करडं आईपासून तुटून झाडीत शिरतात आणि अंधार पडायच्या आत ती शोधावी लागतात. एखादी कड्याकडं गेली तर संपलंच. त्या आजोबांचं बँकेतलं खातं चार पायांवर चरत होतं आणि ते तुमच्या भुऱ्यानं उधळलं. काठी घेऊन आले पण मारली नाही, यातच त्यांचा चांगुलपणा समजा.

त्यांना एकदा भेटून या. रविवारी नको, मधल्या एखाद्या दिवशी, शेळ्या परत यायच्या वेळी. भुऱ्याला न्यायचं नाही. नवऱ्याला घेऊन जा, बरं दिसतं. ‘बाबा, त्या दिवशी आमच्या कुत्र्यानं शेळ्या पळवल्या, कुठली दुखावली नाही ना, गाभडली नाही ना’ एवढं विचारायचं. नुकसान झालं असेल तर भरून द्यायचं, घासाघीस करायची नाही. झालं नसेल तर चहा घेऊन यायचं आणि शेळ्या कुठल्या वेळी कुठल्या अंगाला असतात ते विचारून घ्यायचं. डोंगरातली इतकी पक्की माहिती दुसरं कुणी देणार नाही. गवा कुठं उतरतो, आग्या मोहोळ कुठल्या कड्याला लागलंय, फुरसं कुठल्या दगडात असतं, सगळं त्यांना ठाऊक असतं. रानात जाणाऱ्यानं रानात राहणाऱ्याशी वाकडं घेऊन चालत नाही.

नवऱ्याचं म्हणणं मला निम्मं पटतं. मोकळा सोडायचा असेल तर घरीच ठेवा. दोरीत न्यायचा असेल तर खुशाल न्या.

दोरीचा आणि भुऱ्याच्या स्वभावाचा काही संबंध नाही, हे डोक्यात पक्कं झालं की पुढचं सोपं होतं. कुत्रा बाळगणारे सगळे तेच म्हणतात, ‘तो काही करत नाही हो!’ नसेल करत. पण समोरचा काय करेल? मोकळा कुत्रा झाडीत काहीतरी हुंगून आत शिरतो. आत गवा असतो, नाहीतर पिल्लांसकट रानडुकरीण असते. जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या रानात अस्वलही असतं. कुत्रा भुंकतो, ते जनावर अंगावर येतं आणि कुत्रा पळतो. कुठं पळतो? सरळ मालकाकडं. मागून सात-आठशे किलोचा गवा. गवा किंवा अस्वल एरवी माणसाची चाहूल लागली की बाजूला होतं. त्याला तुमच्यापर्यंत आणून सोडायचं काम तुमचाच लाडका करतो. दोरीतला कुत्रा हुंगून थांबतो, कान टवकारतो, आणि तुम्हाला माघारी फिरायला वेळ मिळतो.

शिवाय लहान जनावरांचं काय? भेकर, ससा, मोराची पिल्लं, उन्हाळ्यात माळावर उघड्यावरच अंडी घालणारी टिटवी. कुत्र्यानं त्यांना तोंड लावायची गरजच नाही. पाठलागात ती दमतात, अंडी उन्हात उघडी राहतात. तुम्ही तोवर पुढं गेलेल्या असता, तुम्हाला दिसतही नाही.

आईची भीती खोटी नाही. बिबट्याला कुत्रा आवडतो, आणि कराड, शिराळ्याच्या उसात तर तो माणसाच्या शेजारीच राहतो. पण बिबट्या दिवसाढवळ्या, बोलत चाललेल्या दोन माणसांच्या पायाशी असलेल्या कुत्र्यावर सहसा येत नाही. तो बघतो एकटा पडलेला कुत्रा, कातरवेळ आणि झाडीची कड. तेव्हा ऊन अंगावर आल्यावर निघायचं आणि दिवस कलायच्या आत डांबरी रस्त्याला लागायचं. एकटीनं जायचं नाही. आडोशाला बसून डबा खाताना कुत्र्याला लांब झाडाला बांधायचं नाही, दोरी मांडीखाली ठेवायची. तंबू ठोकून राहणार असाल तर कुत्रा न्यायचाच नाही. धनगरांच्या काही कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असतो तो काय दागिना म्हणून नाही. ती कुत्री कळपाबरोबर वाढतात, रात्रभर जागतात. भुऱ्या तुमच्या सोफ्यावर झोपतो. दोघांची तुलना नको.

बिबट्या समोर दिसलाच तर पळू नका, खाली वाकू नका. दोरी आखूड करून भुऱ्याला पायाशी घ्या, मोठ्यानं बोलत, तोंड त्याच्याकडंच ठेवून मागं सरका.

दोरी ओढण्याचा प्रश्न खरा आहे, पण तो डोंगरात सुटत नाही, शाहूनगरच्या गल्लीत सुटतो. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, ज्याला पुढं छातीवरही कडी असते. त्या कडीला दोरी लावली की ओढल्यावर कुत्रा आपोआप तुमच्याकडं वळतो, त्याला अंगाचा जोर लावता येत नाही. दोरी साधी, चपटी, पाच-सहा फुटांची. बटण दाबलं की गुंडाळली जाणारी ती चक्री दोरी डोंगरात अजिबात नको. झुडपात अडकते, हातातून सुटली की डबा खडखडत कुत्र्याच्या मागं जातो, आणि त्या आवाजाला घाबरून तो आणखी पळतो. शिकवायची रीत एकच. दोरी ताणली की तुम्ही जागच्या जागी थांबायचं, सैल झाली की चालायचं. पहिले काही दिवस चार घरं ओलांडायला अर्धा तास लागेल, शेजारी हसतील. हसू द्या.

उतारावर दोरी मनगटाला गुंडाळू नका. मुरमाड वाटेवर भुऱ्यानं एक झटका दिला की तुम्ही तोंडावर. कंबरपट्ट्याला दोरी बांधून चालतात तसंही अरुंद वाटेवर नको. मुठीत धरायची, आणि घसरतोय असं वाटलं तर सोडता आली पाहिजे.

आणि मजेचं म्हणाल, तर भुऱ्याची मजा पळण्यात आहे असं तुम्ही धरून चाललाय. कुत्र्याची मजा नाकात असते. दगडाच्या बुडाशी रात्री कोण मुतून गेलं, साळिंदर कुठून आलं, कालच्या पावसानं काय वास उठवला, हे वाचायला त्याला वेळ हवा असतो. तुम्ही सहा किलोमीटर ‘पूर्ण’ करायला जाता, तो एका करवंदीच्या जाळीपाशी पाच मिनिटं काढायला जातो. दोरी ठेवा, नाक मोकळं सोडा. किलोमीटर कमी होतील. पण घरी येऊन तो जो गाढ झोपेल तसा दोन तास धावूनही झोपला नसेल. खुली, जनावरं नसलेली जागा मिळाली तर वीस-तीस फुटांची सुती दोरी लावा. त्याला मोकळं वाटेल आणि दुसरं टोक तुमच्या हातात राहील.

दोन आज्ञा मात्र पक्क्या हव्यात. एक ‘ये’. लांब दोरी लावून मैदानात सराव करा, एकदाच हाक मारा, आला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. उशिरा आला तरी रागवायचं नाही, नाहीतर येणं म्हणजे बोलणी खाणं असं त्याच्या डोक्यात बसतं. दुसरी ‘सोड’, आणि आपल्या भागात ही पहिलीपेक्षा महत्त्वाची. रानडुकरांसाठी लोक काय काय लावतात ते तुम्हाला माहीत नसेल. तारेचे फास असतात, कुठं कुठं कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असते, आणि खाण्यात गुंडाळलेले गावठी बॉम्ब असतात. चावला की फुटतो. कुत्र्याचा जबडाच जातो. बेकायदा आहे सगळं, पण आहे. बिबट्यानं जनावर मारलं म्हणून चिडून मढ्यात विष घालणारेही निघतात. म्हणून वाटेत पडलेला मांसाचा, पिठाचा गोळा भुऱ्यानं तोंडात घ्यायचाच नाही. मुठीत भाकरीचा तुकडा धरा, त्याला हुंगू द्या, नाक लावू द्या, मूठ उघडू नका. तो कंटाळून मागं झाला की ‘सोड’ म्हणा आणि दुसऱ्या हातातून त्याहून चांगलं काहीतरी द्या. मग तुकडा जमिनीवर पायाखाली. मग वाटेवर टाकून त्याच्या बाजूनं चालत जा. रोज पाच मिनिटं पुरे.

कुसळांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कुणी सांगत नाही. पावसाळा सरला की आपल्या डोंगरांवरचं कुसळी गवत पिकतं. तुमच्या सॉक्सला टोचतं तेच. एक कुसळ तळहातावर घेऊन नीट बघा. टोकाला तांबूस सुईसारखं बी, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि मागं काळपट लांब शेपटी, मध्येच वाकलेली. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपटी आपोआप पीळ सोडत फिरायला लागते. बी जमिनीत रुतावं म्हणून गवतानं केलेली ही सोय. ओल लागली की पीळ सुटत फिरतो, वाळली की उलटा फिरून पुन्हा बसतो, आणि मागं वळलेल्या केसांमुळं बी फक्त पुढं जातं, मागं येत नाही. आता हे बी भुऱ्याच्या कानात गेलं, किंवा बोटांच्या बेचक्यात, जिथं ओल कायम असते, तर काय होतं ते तुम्हीच बघा. कातडी फोडून आत शिरतं, आठवड्यानं गळू येतं, कधी बी आत भलतीकडंच सरकलेलं असतं.

म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात परत आल्यावर गाडीत बसवायच्या आधी त्याला खाली लोळवा आणि चारही पायांच्या बोटांमधून आपलं बोट फिरवा. कानाच्या आत, काखेत, जांघेत, शेपटीखाली, पट्ट्याखाली. बेचक्यांतले केस आधीच कातरून ठेवलेत तर काम निम्मं होतं. डोकं एकाच बाजूला कलतं करून कान झाडत असेल, एकच पंजा सारखा चाटत असेल, अचानक शिंकांची सर लागली असेल, तर घरगुती तेल घालत बसू नका, डॉक्टर गाठा. कानातलं कुसळ चिमट्यानं आंधळेपणानं ओढायला गेलात तर पडदा फाटेल.

तेच हात फिरवताना गोचीड सापडेल. चणाडाळीएवढी टम्म फुगलेली सहज दिसते. तिळाएवढी असते तीच निसटते. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीला टेकून धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही. रॉकेल, काडी, हळद-तेल काही लावायचं नाही. ती चिडून आतली घाण रक्तात ओकते. नखानं चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची. गोचीड-ताप लगेच दिसत नाही. साधारण एक ते तीन आठवड्यांनी कुत्रा खाणं सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तोवर तुम्ही ती फेरी विसरून गेलेल्या असता, म्हणून डॉक्टरांना ‘मध्ये डोंगरात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा. रक्ताची तपासणी करतात, त्यात प्लेटलेट घसरलेल्या दिसतात. लवकर कळलं तर गोळ्यांवर बरा होतो. गोचीड न लागण्यासाठी मानेवर टाकायचं औषध किंवा महिन्याची गोळी मिळते, ती वजनावर ठरते, डॉक्टरांना विचारून द्या.

लसींचं थोडक्यात. डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टोची एकत्र लस आणि रेबीजची वेगळी, दोन्ही चालू असल्या पाहिजेत. लेप्टो उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून येतो, तेव्हा डबक्यातलं पाणी प्यायला द्यायचं नाही.

पाणी घरून न्या. बावीस किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला लिटर-सव्वा लिटर लागतं, तेव्हा तीन तासांच्या चालीला त्याच्या एकट्याच्या वाट्याचं एक लिटर वेगळं धरा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापेवर थंड होतो. कातळाच्या सड्यावर दहाच्या पुढं ऊन चढलं की वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतो. कातळाला हाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याचा पंजाही टेकत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की गडबड समजायची. जीभ लांब आणि गडद लाल, लाळेला तार, चालताना झोकांड्या, ही खूण. सावलीत घ्या, पोट, जांघ, पंजे साध्या गार पाण्यानं भिजवा, टोपीनं वारा घाला, आणि तसंच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना डोंगर नकोच. भुऱ्याचं नाक लांब आहे, हे त्याच्या गावठीपणाचं देणं.

साप चावला तर कुत्र्याला बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावतो, कारण तो हुंगायला गेलेला असतो. घोणस चावली तर तोंड बघता बघता सुजतं. नाग किंवा मण्यार चावली तर सूज फारशी नसेल, पण पाय लटपटतात, पापण्या मिटतात. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, चालवू नका. उचला आणि निघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर जी प्रतिविषाची लस माणसाला देतात तीच कुत्र्यालाही चालते. पण ती कुठल्या दवाखान्यात ठेवलेली असते हे आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा. रविवारी दुपारी कोण उघडं असतं, तेही. आपल्याकडचे बरेच पशुवैद्य गाई-म्हशींचे, तेव्हा ‘कुत्रा बघता का’ हा प्रश्न आधी.

जायचं कुठं? अजिंक्यतारा तुमच्या दारातच आहे. मधल्या वारी सकाळी जा. रविवारी माणसं फार, त्यातली निम्मी कुत्र्याला भिणारी. समोरून कुणी आलं की आपण वाटेच्या खालच्या अंगाला उतरायचं, दोरी आखूड करायची आणि ते पुढं जाईपर्यंत थांबायचं. झाडी हवी असेल तर देगावच्या बाजूनं पाटेश्वर. चढ बेताचा, सावली चांगली, वर ती पुष्करणी आणि दगडात कोरलेल्या पिंडीच पिंडी. देवळांच्या आवारात मात्र भुऱ्याला न्यायचं नाही. एकानं बाहेर थांबायचं, दुसऱ्यानं दर्शन घेऊन यायचं. वानरं असतात, ती झाडावरून खिजवतात, दोरी घट्ट धरा. उन्हाळ्यात डोंगर सोडून संगम माहुलीला जा, कृष्णेच्या काठी सपाट चाल होते. तिथं थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला, मग त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. भुऱ्याला जहागीर नको, कलेजीवर भागेल.

कुठंही वनखात्याची पाटी किंवा चौकी दिसली की आधी विचारा. कुत्र्याची शी वाटेवर सोडू नका, पिशवीत भरून परत आणा. ‘रानात सगळेच करतात’ हे बोलायला सोपं आहे, पण गोठ्यातल्या जनावरांचा चारा त्याच गवतातून कापला जातो.

वाडीवस्तीतून जाताना गावची कुत्री अंगावर येतील. थांबू नका, पळू नका, दगड उचलू नका. भुऱ्याला घराच्या उलट्या अंगाला घ्या, दोरी सैल ठेवा, कारण ताणलेली दोरी त्याला भांडायचा इशारा वाटते, आणि लांबूनच हाक द्या, ‘कुत्रं आवरा हो!’ कुणीतरी ओसरीवरून हाड हाड करतंच. व्यालेली कुत्री असेल तर ती मागं हटत नाही, त्या घरावरून लांबचा वळसा घ्या.

शेवटचं म्हणजे एक जुनी सुती चादर पाठपिशवीत टाका. बावीस किलोचा कुत्रा लंगडायला लागला तर एकट्या बाईला खांद्यावर घेऊन उतरता येत नाही. चादरीची झोळी करून दोघांनी चार टोकं धरली की डांबरी रस्त्यापर्यंत आणता येतो. घरी एकदा हॉलमध्ये भुऱ्याला झोळीत घालून उचलून बघा. पहिल्यांदा तो उडी मारून पळेल. दोन-चारदा केलं, वर कलेजी दिली, की पडून राहील. नवऱ्याला दुसरी बाजू धरायला सांगा. घरी ठेव म्हणणाऱ्यानं एवढं तरी करावं.